बारा खणांचं कोठार

आत शिरल्यावर सगळे वर बघतात. पहिल्या वेळी मीही वरच बघितलं होतं. अण्णांनी मात्र आधी खाली बघितलं. दाराजवळच्या पहिल्याच खांबाशी ते वाकले, बुडाच्या दगडावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "तळखडा दिलाय. म्हणून टिकलं."

टिकलं म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षं. हार्मंड्सवर्थचं हे कोठार १४२६-२७ च्या सुमारास उभं राहिलं. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या उत्तरेला, एम-४ महामार्गाच्या दक्षिणेला, एम-२५ च्या अलीकडे हे एक छोटं गाव आहे. मधे हिरवळीचा तुकडा, बाराव्या शतकातलं दार असलेलं चर्च आणि चर्चच्या मागे हे कोठार. मुंबईहून रात्रभर प्रवास करून इथं उतरणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी माणसांचं विमान त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर टेकलं असेल. हाउन्स्लोला राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली, आणि त्यातली पहिली सहा वर्षं हे मला ठाऊक नव्हतं. आता वर्षातून एकदा तरी जाते. उन्हाळ्यातल्या ठरावीक रविवारी ते उघडं असतं. तिकीट नाही. गावातलीच माणसं दाराशी खुर्ची टाकून बसलेली असतात आणि विचारलं तर मनापासून सांगतात.

अण्णा त्या वर्षी तीन महिन्यांसाठी आले होते. राजवाडा, पूल, संग्रहालयं, सगळं त्यांनी माझ्या मनासाठी पाहिलं. ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी मी म्हणाले, "अण्णा, जवळच एक जुनं कोठार आहे. जाऊया?"

"कशाचं?"

"धान्याचं. गहू, जव, ओट. आता रिकामं आहे."

"रिकामं कोठार बघायला लोक जातात?" त्यांनी अगदी सरळ विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बूट घालायला उठले.

त्यांचा तो प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही. हा लेख त्या प्रश्नामुळेच लिहिते आहे.

आधी इमारत डोळ्यांपुढे उभी करते. लांबी १९२ फूट, म्हणजे साठ मीटरला थोडी कमी. रुंदी सुमारे १२ मीटर, उंची ११ मीटर. बाहेरून बघितलं तर उभ्या फळ्यांची काळपट भिंत आणि तिच्यावर लाल-तपकिरी कौलांचं प्रचंड छप्पर. भिंत कमी आणि छप्परच जास्त. छप्पर इतकं खाली उतरतं की दुरून वाटतं, जमिनीवरच ठेवलंय. आत ओकच्या लाकडाच्या तेरा चौकटी एकामागे एक उभ्या आहेत, आणि त्यांच्यामधे बारा जागा. इंग्रजीत त्या जागेला 'बे' म्हणतात. मला आधी हा शब्द समजावून घ्यावा लागला होता. अण्णांनी आत येऊन एकदा नजर फिरवली आणि मोजलं, "बारा खणी." दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. आपली जुनी घरं त्याच मापानं मोजली जातात, पाच खणी, सात खणी. तोच हिशोब इथल्या सुतारांचाही होता.

खांबांच्या दोन ओळी आहेत. त्यांच्यामधे रुंद मोकळा भाग आणि दोन्ही अंगांना पडवीसारखे दोन अरुंद भाग, छपराच्या उताराखाली दबलेले. मोठ्या चर्चची आखणी अशीच असते, म्हणून जॉन बेटजेमन या कवीनं ह्या कोठाराला 'मिडलसेक्सचं कॅथेड्रल' म्हटलं. माहितीच्या प्रत्येक पानावर ते येतं. मीही कोणाला इथं यायला सांगताना तेच सांगत असे.

"हे खांब वरून रुंद कसे?" अण्णांनी विचारलं. खरंच, प्रत्येक खांब वर गेल्यावर अंग धरतो. झाड तर खाली जाड आणि वर निमुळतं असतं. इंग्लंडच्या जुन्या लाकडी घडणीत झाड उलटं उभं करायची रीत होती, मुळाकडचा भाग वर. कारण खांबाच्या डोक्यावर तीन लाकडं एकत्र येतात, खांब स्वतः, इमारतीच्या लांबीच्या दिशेनं जाणारी तुळई आणि ह्या खांबाला समोरच्या खांबाशी बांधणारी आडवी तुळई. तिघांच्या खाचा एकाच जागी पाडायच्या तर तिथं लाकूड भरपूर हवं. झाडाचा सगळ्यात जाड भाग म्हणून तिथं नेलेला. हे मी पुस्तकातून शिकले होते. अण्णांना सांगितलं तर ते थोडा वेळ मान वर करून त्या सांध्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बरोबर आहे. खाच पडली की लाकूड तिथंच मरतं."

लाकूड ओलंच वापरलेलं आहे. ओक वाळला की लोखंडासारखा होतो, हत्यार चालत नाही. म्हणून झाड तोडल्यावर थोड्याच काळात ते तासायचं, जमिनीवर आडवी जुळणी करून बघायची, प्रत्येक जोडावर खुणा करायच्या, पुन्हा सोडवायचं आणि मग माणसांच्या बळावर, दोरखंडांनी एकेक चौकट उभी करायची. जोडांत लोखंडी खिळा नाही. खाच, तिच्यात बसणारं कुसू आणि आरपार ठोकलेली लाकडी मेख. वर्षं जातात तसं लाकूड आकसतं, पीळ घेतं आणि जोड आणखी घट्ट होतात. इथले पुष्कळ खांब वाकडे झालेत, तुळयांना बाक आलाय, पण बहुतांश लाकूड मूळचंच आहे.

ते लाकूड कोणी निवडलं, तेही कागदावर राहिलं आहे. १४२४ च्या हिशोबात दोन सुतारांची नावं येतात, विल्यम किपिंग आणि जॉन अॅट ओक. ओकच्या झाडापाशी राहणारा तो अॅट ओक. हे दोघं थेम्सकाठच्या किंग्स्टनला लाकूड पसंत करायला गेले, त्याचा खर्च मालकानं लिहून ठेवला. पुढे पाचशेहून जास्त वर्षांनी लाकडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून झाडं कधी तोडली ते तपासलं गेलं. चांगल्या पावसाच्या वर्षी वर्तुळ रुंद, कोरड्या वर्षी अरुंद, आणि त्या भागातल्या सगळ्या झाडांत तोच क्रम. तो क्रम जुळवला की तोडीचं साल मिळतं. वर्तुळं आणि वह्या, दोन्ही एकाच काळाकडे बोट दाखवतात. मला ह्या गोष्टीचा फार आनंद होतो. राजांची नावं कोणीही जपतं. इथं लाकूड बघायला गेलेल्या दोन सुतारांची नावं जपली गेली आहेत.

मालक म्हणजे विंचेस्टर कॉलेज. १३८२ मध्ये विंचेस्टरचा बिशप विल्यम ऑफ वाईकम यानं ७० गरीब विद्यार्थ्यांसाठी ही शाळा स्थापन केली. ती आजही चालू आहे. शाळा चालवायची तर उत्पन्न हवं, म्हणून १३९१ मध्ये त्यानं हार्मंड्सवर्थची जहागीर शाळेसाठी मिळवली. त्याआधी हे गाव समुद्रापलीकडच्या, रूआँ शहराजवळच्या एका मठाचं होतं. म्हणजे इथं पिकलेलं धान्य आधी फ्रान्समधल्या साधूंसाठी आणि मग विंचेस्टरमधल्या मुलांसाठी.

आणि इथंच नावाचा एक घोळ सांगायला हवा. लोक ह्याला सर्रास 'टाइद बार्न' म्हणतात. टाइद म्हणजे दशमांश. पण काटेकोरपणे बोलायचं तर हे मालकाच्या स्वतःच्या शेतीचं, जहागिरीचं कोठार आहे. एकोणिसाव्या शतकात मठांचं आणि चर्चचं कौतुक वाढलं, तेव्हा जिथं मोठं जुनं कोठार दिसेल तिथं हे नाव चिकटलं. ऑक्सफर्डशायरमधलं ग्रेट कॉक्सवेलचं देखणं कोठारही असंच मठाच्या शेतीचं. त्याची लाकडं १२९२ च्या सुमारास तोडलेली. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं दगडी कोठार आहे, शाफ्ट्सबरीच्या साध्वींच्या मठाचं. त्याच्या छपरावर कौलांऐवजी दगडाच्या चिपा आहेत आणि तेवढा भार पेलायला आत कमानीसारखी वाकवलेली लाकडं. मठाच्या शेतीचं धान्य आणि लोकांकडून आलेला दशमांश एकाच छपराखाली पडायचा, तेव्हा नाव अगदीच चूक म्हणता येत नाही.

अण्णांना दशमांश समजायला वेळ लागला नाही. शेतात कापणी झाली, पेंढ्या बांधल्या की चर्चचा माणूस यायचा आणि दर दहावी पेंढी बाजूला काढायचा. ती काढल्याशिवाय शेतकऱ्यानं आपल्या नऊ हलवायच्या नाहीत. धान्यच नव्हे, गवत, कोकरं, लोकर, अंडी, मध, सगळ्यातलं दहावं. इंग्लंडमध्ये दहाव्या शतकात राजा एडगरच्या कायद्यानं हे सक्तीचं झालं.

"म्हणजे बलुतंच की," अण्णा म्हणाले. "खळ्यावरनं पेंढ्या न्यायचे."

"बलुत्यात सुतार नांगर करून द्यायचा, अण्णा. लोहार फाळ शेवटायचा. इथं पाद्री."

"पाद्री लग्न लावतो, माती देतो. तेही कामच." ते जरा थांबले. "पण मठ? तो कुठं गावात राहत होता?"

नेमकं दुखणं त्यांच्या बोटाखाली आलं होतं. धान्याचा मोठा दशमांश मूळचा गावच्या पाद्र्याचा. पण बाराव्या-तेराव्या शतकात शेकडो गावांचे दशमांश मठांनी आपल्या नावावर करून घेतले. गावात एक बदली पाद्री नेमायचा, त्याला कोंबड्या-अंड्यांचा लहान दशमांश द्यायचा आणि गव्हाच्या गाड्या मठाच्या कोठाराकडे. व्हिकर हा शब्दच 'बदली' ह्या अर्थाचा. पुढे १५३६ ते १५४० मध्ये आठव्या हेन्रीनं मठ मोडले, जमिनी सरदारांनी विकत घेतल्या, आणि जमिनीबरोबर दशमांशाचा हक्कही त्यांच्याकडे गेला. देवाच्या नावानं काढलेली दहावी पेंढी देवाशी काही संबंध नसलेल्या माणसाच्या दारात जाऊ लागली, आणि तसंच तीनशे वर्षं चाललं. क्वेकर पंथाच्या लोकांनी ती द्यायला नकार दिला आणि त्यासाठी तुरुंग भोगले. १८३६ च्या कायद्यानं पेंढीऐवजी पैसे आले. ते पैसेही मंदीच्या काळात झेपेनात. १९३० च्या दशकात पूर्व इंग्लंडात शेतकऱ्यांची गुरं-अवजारं जप्त होऊन लिलावाला निघाली आणि शेजारीपाजारी लिलाव उधळायला गोळा झाले. १९३६ मध्ये नवा कायदा झाला. शेवटचे धागे १९७७ मध्ये तुटले. माझा जन्म त्यानंतर पाचच वर्षांनी झाला.

हार्मंड्सवर्थचे लोकही गप्प बसणारे नव्हते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथली कुळं मठाविरुद्ध राजाच्या न्यायालयात गेली. आमची जमीन पूर्वापार राजाची, म्हणून आमच्यावर वाढीव वेठ लादता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. १०८६ चं डूम्सडे बुक, म्हणजे राजानं करवलेली जमिनींची नोंदवही, उघडून बघितलं गेलं आणि निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. मागाहून मारामाऱ्याही झाल्या. हे कोठार उभं राहीपर्यंत काळ बदलला होता. १३४८-४९ च्या प्लेगनं इतकी माणसं नेली की उरलेल्यांच्या हाताला किंमत आली, फुकटची वेठ सुटत गेली, मजुरी वाढली. तरी शेत मालकाचं ते मालकाचंच. कोठाराची उंची बघताना हे मनात ठेवावं लागतं.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येते.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. इथला ऑगस्टचा पाऊस, आवाज न करता तासन् तास पडणारा. आम्ही भिंतीलगतच्या बाकावर बसलो. कौलांवरचा बारीक आवाज आणि मधूनच विमानाची घरघर. अण्णा दाराबाहेर बघत होते. "इथं काढणी कधी?"

"आत्ताच. ऑगस्ट, सप्टेंबरची सुरुवात."

"ह्या पावसात?"

"हो."

ते हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा उजळला. "मग बरोबर. म्हणून एवढं छप्पर."

आमचं गाव मंगळवेढा तालुक्यातलं. काळी जमीन, रब्बीची ज्वारी. माघ-फाल्गुनात काढणी, आभाळात ढगाचा ठिपका नाही. खळं उघड्यावर, शेण-मातीनं सारवलेलं, मधे तिवडा रोवून भोवती बैलांची पात. मळणी झाली की वावडीवर उभं राहून वाऱ्यावर उफणणी. पाखडून, मोजून, पोत्यात भरून धान्य घरी येतं तेव्हा त्याला फार जागा लागत नाही. कणगी पुरते, नाहीतर पेव. आमच्या जुन्या घराच्या अंगणात पेव होतं, मी लहान असताना बुजवलं. आजोबा पेव उघडलं की दिवसभर तोंड मोकळं ठेवत, मग दोरीनं कंदील खाली सोडत. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. बैठकीच्या खोलीएवढ्या त्या काळोख्या पोटात वर्षभराची ज्वारी राहायची, आणि वरून बघणाऱ्याला फक्त एक दगड दिसायचा.

इथं तसं करता येत नाही. कापणीनंतर आभाळ उघडंच राहत नाही. उघड्यावर मळणी करावी तर दाणे भिजून मोड येतील. म्हणून मळणीच्या आधी, कणसांसकट, काडांसकट सगळं पीक छपराखाली आणायचं आणि हिवाळाभर लागेल तसं मळायचं. दाणा केवढासा आणि त्याचं काड केवढं! ते सगळं काड पोटात घेणारी जागा हवी. हे कोठार एवढं अवाढव्य आहे ते धान्य पुष्कळ होतं म्हणून नव्हे, तर काड पुष्कळ होतं आणि पाऊस पुष्कळ होता म्हणून. मी तीन वर्षं इथं येत होते, लाकडांबद्दल, बिशपांबद्दल वाचत होते, पण हे मला अण्णांच्या त्या एका 'म्हणून'नं दिसलं.

पूर्वेच्या अंगाला तीन मोठी दारं आहेत. पेंढ्यांनी भरलेल्या गाड्या त्यातून आत यायच्या, दोन्हीकडे उतरवल्या जायच्या. दारासमोरचा खण मळणीसाठी. बैल नाहीत. दोन काठ्या कातड्याच्या वादीनं जोडलेल्या, एक हातात धरायची आणि दुसरी गरगरा फिरवून जमिनीवरच्या कणसांवर आदळायची. ख्रिसमसच्या आधीपासून वसंतापर्यंत दोघं-तिघं माणसं समोरासमोर उभी राहून तालात हे करायची. थंडीत शेतमजुराला मिळणारं हेच काय ते काम. म्हणून मळणीयंत्रं आली तेव्हा, १८३० मध्ये, दक्षिण इंग्लंडातल्या मजुरांनी ती फोडली. कित्येकांना त्यापायी जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवलं. त्यांच्या हातातला हिवाळा काढून घेतला होता, दुसरं काही नाही.

"आता सांगा," अण्णा म्हणाले, "हे भरलं तर काय दिसेल?"

मी वर बघितलं. तेरा चौकटी, कमानीसारखी वळलेली लाकडं, मधली ती उंच पोकळी, फळ्यांच्या फटींतून येणारे उजेडाचे धागे. जे बघायला लोक येतात ते सगळं. आणि माझ्या लक्षात आलं, भरल्यावर ह्यातलं काहीही दिसणार नाही. दोन्ही पडव्या पेंढ्यांनी भरलेल्या, त्यावर थर, त्यावर थर, थेट वाशांपर्यंत. खांब बुडालेले. तुळया बुडालेल्या. दारापुढची मळणीची वाट तेवढी उघडी आणि बाकी सगळीकडे पिवळी भिंत. कॅथेड्रल नाहीच.

मग ही पोकळी त्या लोकांना दिसायची कधी? हिवाळाभर मळणी होत होत पेंढ्या उतरत जायच्या. एकेक खण मोकळा व्हायचा, तुळया पुन्हा वर यायच्या. नवं पीक यायच्या तोंडावर, जुलैत, कोठार पूर्ण रिकामं. आणि जुलै हा त्या इंग्लंडातला सगळ्यात वाईट महिना. गेल्या सालचं संपलेलं, नवं अजून शेतात हिरवं, ब्रेड महाग, कुळाच्या घरात वाटाणे-घेवड्याची पेज. आज जे दृश्य बघून आपण आवाज खाली आणतो ते त्यांच्या दृष्टीनं उपासाचं दृश्य होतं. बेटजेमनचे ते शब्द मी अनेकांना सांगितले आहेत. त्यांत प्रेम आहे, कोठार वाचवायला त्यांचा उपयोगही झाला असेल. पण त्या दिवसापासून मला ते पटेनासे झाले. कॅथेड्रल रिकामं असलं तरी पुरं असतं. कोठाराचं तसं नाही.

अण्णा बाकावर पाय मोकळे करून बसले होते. मंगळवेढ्याचा माणूस कोठारात बसलाय म्हटल्यावर दामाजीपंत येणारच. "आमच्या दामाजीपंतांचं कोठार असंच असेल, सरकारी," ते म्हणाले. दाराशी बसलेल्या वयस्कर गृहस्थांनी कुतूहलानं बघितलं, म्हणून मी त्यांना गोष्ट इंग्रजीत सांगितली. पंधरावं शतक. दामाजीपंत हे बिदरच्या बहामनी सुलतानाचे मंगळवेढ्याचे अधिकारी. मोठा दुष्काळ पडला. कोठारं भरलेली होती, पण धान्य सुलतानाचं. पंतांनी कुलपं काढली आणि लोकांना धान्य वाटून टाकलं. सुलतानाचे शिपाई त्यांना धरून न्यायला आले. तेव्हा पंढरीचा विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरच्या दरबारात गेला, धान्याची सारी किंमत भरली आणि पावती घेऊन आला. मंगळवेढ्यात पंतांचं देऊळ आहे. तिथली आरती अण्णांना पाठ आहे.

ते गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "साधारण कोणत्या साली?" मी म्हणाले, ह्या कोठारानंतर थोड्याच दशकांत. हे उभं राहत होतं त्याच सुमारास बहामनींनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली. ते म्हणाले, इथं कोणी कुलूप काढल्याची गोष्ट नाही. मी अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णा म्हणाले, "काढलं असेल कोणीतरी. पावती नसेल मिळाली."

हार्मंड्सवर्थची पुढची कहाणी मी थोडक्यात सांगते, कारण तिच्यात धान्य कमी आणि कागद जास्त. १५४३ मध्ये हेन्रीनं हे गाव कॉलेजकडून बदल्यात घेतलं, १५४७ मध्ये ते पॅजेट घराण्याकडे गेलं. कोठारात मात्र पीक येत राहिलं, थेट १९७० च्या दशकापर्यंत. दरम्यान दक्षिणेचं हीथ रो नावाचं वस्तीचं ठिकाण, तिथल्या फळबागा, भाजीचे मळे, हे सगळं १९४४ मध्ये विमानतळासाठी घेतलं गेलं. मिडलसेक्सची ती सुपीक जमीन आता धावपट्टीखाली आहे. २००६ मध्ये कोठार एका परदेशात नोंदवलेल्या कंपनीच्या हाती गेलं, एका पौंडाला. विमानतळ वाढला तर भरपाई मिळेल हा हिशोब. छपरातून पाणी गळू लागलं, फळ्या निखळल्या. गावकऱ्यांनी आणि जतन करणाऱ्यांनी लावून धरलं, २००९ मध्ये तातडीची दुरुस्ती झाली, आणि २०११-१२ च्या सुमारास इंग्लिश हेरिटेज ह्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेनं ते २०,००० पौंडांना घेतलं. लंडनमधल्या एखाद्या गाडी लावायच्या जागेलाही ह्याहून जास्त पैसे पडतात. छप्पर दुरुस्त झालं, २०१५ मध्ये दारं उघडली.

तिसऱ्या धावपट्टीची टांगती तलवार अजून आहेच. २००९ ला होकार, २०१० ला रद्द, २०१८ ला संसदेची मान्यता, मग कोर्ट, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारचा पुन्हा पाठिंबा. झाली तर गावातली पुष्कळ घरं जातील. चर्च आणि कोठार राहील, नव्या कुंपणाला लागून. गावाशिवाय. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं. विमानानं आईवडिलांना भेटायला जाणारी मी, विमानतळ नकोच असं कुठल्या तोंडानं म्हणू? तरी दाराशी खुर्ची टाकून बसणारी ती माणसंच उठून गेली तर ह्या तेरा चौकटी कोणाच्या, हे विचारावंसं वाटतं.

पाऊस थांबला नव्हता, पण बसची वेळ झाली. निघताना अण्णा पुन्हा त्या पहिल्या खांबाशी गेले आणि तळखड्यापासून वर जिथवर हात पोचेल तिथवर लाकूड चाचपून आले. चर्चच्या आवारात थोडं थांबलो. तिथं रिचर्ड कॉक्स पुरला आहे, इथल्या दुकानात मिळणारं कॉक्स सफरचंद ज्याच्या नावाचं. अण्णांना ते सफरचंद आवडायचं, म्हणून त्यांनी टोपी काढली.

बसमध्ये ते बोलत नव्हते. मला वाटलं दमले. मग दिसलं, बोटांच्या पेरांवर मोजणं चाललंय.

"बारा खण," ते म्हणाले. "तीन मळणीला गेले. राहिले नऊ. पडव्या धरायच्या, दोन्हीकडच्या. वाशापर्यंत लावायचं म्हटलं तर उंचीला वीस-बावीस थर तरी." पुन्हा पेरं. "पण पेंढीचं माप पाहिजे. आपली ज्वारीची पेंढी उंच असते. गव्हाची केवढी?"

मी जुन्या चित्रांत पाहिलेली पेंढी आठवली आणि बसमध्ये दोन्ही हात कवेसारखे गोल करून दाखवली. समोरच्या सीटवरची बाई बघायला लागली. अण्णांनी माझ्या हातांच्या मधल्या जागेकडे नीट बघितलं, स्वतःचे हात तसेच धरून माप घेतलं आणि पहिल्या खणापासून पुन्हा मोजायला लागले.